एक्केचाळीस फिकट फोटो

३ जून
कोपरीत अखेर आपलं दुकान! 'लक्ष्मी फोटो आणि झेरॉक्स'. भिंतींवर पोस्टरं चिकटवण्यापासून सुरुवात केलेली, आज स्वतःचं शटर वर केलं. जुना मालक दिपेश कॉम्प्युटर, कॅमेरा, फोटोचं स्टूल, सगळं सोडून माजिवड्याला गेला. चहालाही थांबला नाही. पहिला फोटो बायकोचा. लक्ष्मीला म्हटलं, तोंड सरळ ठेव. तर म्हणाली, आधी कॅमेऱ्याचं झाकण काढा.

५ जून
डिस्क फुल! आत बघावं तर लक्ष्मीच्या फोटोशिवाय काही नाही. गिऱ्हाईकं खोळंबलेली, एक फोटो सेव्ह होईल तर शपथ. दिपेश फोन उचलत नाही. शेवटी शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या नयनताई म्हणाल्या, अहो, फायली लपवल्या असतील, 'व्ह्यू'त जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिक करा. केली. एक फोल्डर उगवला, धुऊन विटल्यासारखा. लपवलेलं असं फिकटच दिसतं म्हणे. आत एक्केचाळीस पासपोर्ट फोटो. डिलीट होईनात. एवढ्यानं डिस्क भरते होय!
टिक करताना रिकामं स्टूल करकरलं. माझे कान तिखट. पोस्टरच्या दिवसांत हवालदाराचे बूट गल्लीच्या टोकावरून ओळखायचो.

७ जून
रंगूबाई आल्या. मुलगी शकूचा फोटो इथंच काढलेला, मिळेल का? त्या गेल्यावर नयनताई कुजबुजल्या, म्हातारीला मुलगीच नाही, उगाच शोधत फिरते. पण फोल्डरमध्ये 'शकू' नावाचा फोटो होता. 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'हिडन'ची टिक काढली. फोटो लख्ख उजळला.

८ जून
रंगूबाई पेढे घेऊन हजर. सोबत शकू! नयनताई मलाच हसल्या: अहो, त्यांची एकुलती पोर ती, असं काय करता?
घरी लक्ष्मी नाही. साड्याही नाहीत. शेजारचे विचारतात, तुमचं लग्न कधी झालं?

९ जून
पाटीवर नुसतं 'फोटो आणि झेरॉक्स'. फोल्डरमध्ये पुन्हा एक्केचाळीस. शेवटची लक्ष्मी — फिकट. स्टुलावर तिच्या बांगड्या वाजतात —
दिपेशने एकदाचा फोन उचलला. म्हणाला, टिक काढलीत ना? आतला एक बाहेर आला, की बाहेरचा एक आत जातो.
बाहेर आता फक्त शकूचा फोटो. लक्ष्मीला बाहेर काढलं, तर शकू —
समोर ओट्यावर रंगूबाई तिची वेणी घालतायत.

१० जून
शकूला आत ढकलायचं नाही. टायमर लावून माझा फोटो काढला. या वेळी डिस्क फुल म्हणाली नाही. माझ्या फोटोवर 'हिडन'ची टिक केली. लक्ष्मीची काढली —
हात फिकट —
बांगड्या! दारात. लक्ष्मीच. नयनताईंना सांगतेय, दुकान मी एकटीने उभं केलं —
कॉम्प्युटरसमोर बसली. डिस्क फुल म्हणून वैतागलीय. नयनताई म्हणतायत, 'व्ह्यू'त जा —
अगं, मी इथं, स्टुलावर. मी दिसलो तरी टिक काढू नको, नाहीतर तू —