देवळापुढचा शत्रूचा तुकडा

मी मेनेदामोस, मूळचा एपिरसचा, पन्नास वर्षांपूर्वी लढाईत पकडला गेलो तो रोममध्येच राहिलो. वय बहात्तर. डोळे अधू झालेत, डोकं शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही. माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून हे लिहून ठेवतो.

घर, भांडीकुंडी आणि चांभारकामाची हत्यारं मुलगी आंपियाला. शेजारच्या कालवियसने आरी मागितली तरी देऊ नये. गेल्या खेपेला त्याने तिचं टोक मोडलं आणि वर मलाच शहाणपण शिकवलं.

आता जमीन. बेल्लोना देवीच्या देवळापुढचा, चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढा तुकडा माझ्या नावावर आहे. युद्ध पुकारताना पुरोहिताने शत्रूच्या मातीत भाला फेकायचा, असा इथला रिवाज. शत्रू समुद्रापलीकडचे झाले, तेवढं लांब कोण फेकणार? म्हणून मला कैदेतून काढून हा तुकडा विकत घ्यायला लावला. मी परका, म्हणून माती परकी.

सिसिली बेटावरच्या मेसाना शहराच्या लोकांनी मदतीला बोलावलं तेव्हा इथे भाला पडला. "मित्राची हाक आलीये, जावंच लागतं," तेव्हाचा पुरोहित म्हणाला. माझा मुलगा द्राकोन त्या आरमारात गेला आणि बुडाला. मदत संपली, सैन्य काही परतलं नाही. सिसिली आता रोमची आहे.

गेल्या महिन्यात माझ्याच गावचे दोघे दारात आले. चाचे छळतात, रोमची मदत हवी. "काका, आम्हाला इथली भाषा येत नाही, तुम्हीच बोला ना!" घरची बोली इतक्या वर्षांनी कानावर पडली आणि मी विरघळलो. त्यांना मसूर वाढला, सभेपुढे दुभाष्या म्हणून उभा राहिलो. नाही म्हणायला हवं होतं, हे तेव्हाही कळत होतं. मदत मंजूर झाली. आंपियाच्या मुलाचं, स्पुरियसचं नाव सैन्यात जाणाऱ्यांच्या यादीत आहे. रडू आलं नाही.

तो तुकडाही आंपियाला. ती इथे जन्मली, म्हणजे माती रोमची होईल. भाला पडायला जागाच उरू नये, एवढी इच्छा. तिने तिथे कोबी लावावा.

पुरोहित गेगानियसला हे वाचून दाखवलं. तो हसला. "आजोबा, मालक कोण हे आता विचारतो कोण? लावा की कोबी. आम्ही त्यातच फेकू."

आंपियाने काल रोपं लावली. आज सकाळी भाला पडला, तीन मोडली. त्या जागी नवी लावावीत. स्पुरियस परतला तर पहिला कोबी त्याला द्यावा.

माझी मोहोर: मेनेदामोस
साक्षीदार: जावई वोपिस्कस (सुतार) आणि गेगानियस (पुरोहित)
ठिकाण: रोम, बेल्लोनाच्या देवळामागे
दिवस: भाला पडला तोच