खात्री, बहुतेक, ठोकून दिलं

प्रिय शंकासुरा,

सकाळी आईचा फोन आला. तू फार्मसीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसत नाहीस म्हणे. कारण काय, तर तुला काहीच येत नाही. आई रडत होती आणि मी तपासायचे पेपर पुढ्यात घेऊन नुसतीच बसून राहिले. तुला फोन केला असता तर ओरडलेच असते, म्हणून लिहिते आहे.

माझं काम तुला माहीत आहे. तू त्याला 'डोकी मोजायचा कारखाना' म्हणतोस. आपल्याला किती येतं याबद्दल आमच्या कॉलेजातल्या मुलांना काय वाटतं, ते मी मोजते. प्रत्येक उत्तरापुढे त्यांनी तीनपैकी एक लिहायचं: खात्री, बहुतेक किंवा ठोकून दिलं. पहिल्या वर्षी माझी चांगलीच फजिती झाली. खात्रीला जास्त मार्क असतील असं वाटून अख्ख्या वर्गाने 'खात्री' लिहिलं, कोऱ्या सोडलेल्या उत्तरांपुढेसुद्धा! मार्क नाहीत म्हणून सांगितलं, तर पुढच्या वेळी सगळेच नम्र झाले. पहिला नंबर काढणारी मुलगीही म्हणे 'ठोकून दिलं'. आमचे विभागप्रमुख इतके हसले की चहा शर्टावर सांडला. आता कुठे मुलं खरं लिहायला लागली आहेत. आणि दिसतं काय, तर उथळ पाण्याला खळखळाट फार. ज्यांना थोडं येतं ते बिनधास्त 'खात्री' लिहितात. ज्यांना बरंच येतं त्यांना काय राहिलंय तेही दिसतं, म्हणून ते कचरतात.

मागच्या महिन्यात तू इथे आलास, तेव्हा नवा पेपर कुणावर तरी करून बघायचा आहे असं सांगून मी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. प्रश्न सगळे औषधांचे, तुझ्याच अभ्यासक्रमातले. तरी तुला संशय आला नाही. एवढा शंकासुर, पण ताईवर शंका नाही! कुरकुरत, पेन चावत तू सगळा पेपर सोडवलास आणि जवळजवळ प्रत्येक उत्तरापुढे 'ठोकून दिलं' लिहिलंस. एक सोडून सगळी उत्तरं बरोबर होती. आणि जे चुकलं, नेमकं तिथेच 'खात्री' लिहिली होतीस, गाढवा. तेव्हा बोलले नाही. म्हटलं, परीक्षा झाल्यावर पठ्ठ्याला चिडवू.

तर परीक्षेला बस. तू पास होशीलच असं मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही. बहुतेक होशील. पण फोन ठेवता ठेवता आईने सांगितलं की, नापास झालो तर ताईला काय तोंड दाखवू, असं तू म्हणालास. खरं तर त्यासाठीच हे पत्र. अरे वेड्या, हेच तोंड दाखव. तू जन्मल्यापासून बघते आहे मी ते, नाकात पेन्सिलीचा तुकडा अडकवून घेतलास तेव्हाही बघितलंय. निकाल कसाही लागो, मिळेल ती गाडी पकडून माझ्याकडे ये. तू दारात दिसलास की मला आनंदच होणार, आणि इथे मी डोळे झाकून 'खात्री' लिहिते.

तुझीच,
ताई