तेवढा एक शब्द

ओम्स्क, ११ ऑक्टोबर १९५८

आई, तुझ्या रोदियोनचा दुरून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो. तुझे गुडघे कसे आहेत? यंदा बटाटे कोणी काढून दिले?

नवं जेट विमान कसं आहे, विचारलंस. वेगवान आहे, गुळगुळीत चालतं. फक्त फार उंचावर हवेचा धक्का बसला की बिथरलेल्या घोड्यासारखं नाक वर करतं. परवा कप्तान सावेली कुझ्मिच आणि मी दोघांनी मिळून दांडा पुढे रेटला, तरी ऐकेना. मग आपल्याच मर्जीने खाली आलं. मी म्हटलं, "वर कळवायला हवं." ते म्हणाले, "तीनदा कळवलंय, बाळा. उत्तर येईपर्यंत काय, ट्राम चालवू?"

रजेआधीची शेवटची फेरी कधी, असंही विचारलंस. आई, आम्ही वैमानिक फेरीला तो शब्द लावत नाही, अपशकुन मानतो. 'कडेची फेरी' म्हणतो. ती उद्या आहे.

तुझं पत्र उडताना माझ्या खिशात असतं. म्हणून तेवढा शब्द ब्लेडने कापून काढला. माझ्या हातात तेवढंच होतं. त्यात मागच्या बाजूचे तुझे दोन शब्दही गेले. काय होते, आठवत नाही. पुन्हा लिहून पाठव.

तुझाच,
रोदियोन