भाऊंचा डाव

९ नोव्हेंबर १९८७, सोमवार

"बाई, यात बंदूक कुठून येते?" पहिल्या दिवसाचा पहिला प्रश्न. लवूचा.

दिवाळीची सुट्टी संपली आणि कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले. शाळा सुटल्यावर रोज एक तास नववीच्या मुलांकडून व्हिडिओ गेम तयार करून घ्यायचा. मे महिन्यात मला प्रशिक्षणाला धाडलं होतं, त्याचं हे बक्षीस. चार यंत्रं, चार छोटे टीव्ही, दोन टेपरेकॉर्डर. चपला बाहेर काढायच्या. दसऱ्याला खंडू शिपायाने यंत्रांची मनोभावे पूजा केली, त्यामुळे एका यंत्राचं एक बटण कुंकवाने अजून चिकटतं.

मुलांना गेम म्हणजे मुलुंड स्टेशनजवळचं पार्लर. नाणं टाका, विमानं पाडा. सगळ्यांना बंदूक हवी. मला भूगोलाचे पेपर तपासायचे होते.

११ नोव्हेंबर, बुधवार

हेडसरांनी बोलावलं. डिसेंबरात कमिटीची बैठक आहे. कॉम्प्युटर पलीकडच्या इंग्लिश मीडियमच्या इमारतीत हलवायचे असं घाटतंय. "मराठीची मुलं ते घेऊन करणार काय?" असं एक सभासद म्हणाले म्हणे. त्याआधी आपल्या मुलांनी काहीतरी करून दाखवलं तर यंत्रं इथे राहतील. नाहीतर गेली.

"तुमच्यावर आहे सगळं, क्षमाबाई."

माझ्यावर का? मी यंत्रं मागितली नव्हती. गेली तर मला पाच वाजता घरी जाता येईल. हे बोलले नाही अर्थात.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

बंदुका बंद केल्या. म्हटलं, तुम्ही गल्लीत खेळता त्या खेळांचे नियम सांगा आधी. नियम कळला तरच यंत्राला सांगता येईल.

मग जी भांडणं! चंद्रप्रकाशच्या बिल्डिंगमध्ये डबा ऐसपैसला तीनदा माफी. लवूकडे माफीच नाही. रुक्मिणी भांडुपच्या टेकडीवरून येते. तिच्याकडे धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू घेतात. सगळीकडेच घेतात, आम्हीही घ्यायचो. पोर खेळतं, पळतं, पण आऊट होत नाही. "पण ते आधी ओरडून सांगायचं हां बाई, सगळ्यांना," रुक्मिणी म्हणाली. "गुपचूप लिंबूटिंबू घेतलं तर ती चीटिंग."

मी फळ्यावर लिहून घेतलं. बरा तास झाला.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

रुक्मिणीचे वडील गिरणीत होते, आता रिक्षा चालवतात. मुलगी कमी बोलते, पण बोलते ते नेमकं. आज यंत्राला हुकूम कसे द्यायचे ते शिकवत होते. सगळे इंग्रजी शब्द बघून बाकीची पोरं गांगरली. ही म्हणाली, "इफ म्हणजे जर आणि देन म्हणजे तर ना? मग हे मराठीच आहे की."

मला प्रशिक्षणात हे समजायला तीन दिवस गेले होते.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

गेम ठरला. रुक्मिणीचा. नाव "पाणी आलं".

खाली नळ, वर घर. मध्ये गल्ली. नळाला पाणी आहे तोवर बादल्या भरून वर न्यायच्या. वाटेत कुत्रा, सायकल आणि क्रिकेट खेळणारी पोरं. धक्का लागला की बादली सांडली. एक सांडली की आऊट. पाणी गेलं की गेम संपला.

लवू नाराज. "यात मारायचं कोणाला?"

"कोणालाच नाही. पाणी भरायचं," रुक्मिणी म्हणाली.

"ते तर मी घरी करतो!"

२० नोव्हेंबर, शुक्रवार

श्यामकांतला सांगितलं. नवरा बँकेतला माणूस. "तू मुलांना शिकवतेस की खेळवतेस?" म्हणाला. माहीत नाही म्हटलं. पोहे छान झाले होते.

२५ नोव्हेंबर, बुधवार

चौकटींच्या कागदावर गल्ली काढली, चौकटी मोजून आकडे यंत्रात घातले. कुत्रा छताच्या वर उडाला. चंद्रप्रकाश हसून हसून खाली बसला. चूक तासभर सापडेना. शेवटी एक उणे चिन्ह राहिलेलं निघालं. मग कुत्रा जमिनीवर चालला—आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या! चालणाऱ्या कुत्र्याला.

घरी येताना मीही हसत होते. कबूल करते.

२ डिसेंबर, बुधवार

गेम चालू झाला. कॅसेटवर साठवला. कॅसेट लावली की टेपमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो. हेडसर धावत आले, "बंद करा, टेप खराब झाली!"

गेम कठीण आहे. पोरं बादली घेऊन सुसाट सुटतात, कोपऱ्यावर सायकल येते, सांडलं! लवू दोनच बादल्यांत आऊट. मी एकीतच. रुक्मिणीने मला हसू दाबून पाणी विचारलं.

४ डिसेंबर, शुक्रवार

भाऊ सोमवारी येणार. भाऊ म्हणजे ट्रस्टचे सेक्रेटरी. मुलुंडला लाकडाची वखार. साठीचे. शिक्षण सातवी, आणि शब्द कमिटीत शेवटचा. हेडसर म्हणाले, ते स्वतः खेळून बघणार आहेत. म्हणजे आमचं मरणच. भाऊंनी हातात घड्याळाची किल्ली धरली तरी तोडतील. पहिल्या बादलीत आऊट झाले, चार लोकांत हसं झालं, की यंत्रं गेली.

सगळ्यांसमोरच सुचवलं लवूने. "बाई, भाऊंना लिंबूटिंबू घेऊ या ना! बादली सांडायचीच नाही. एक ओळ घातली की काम फत्ते."

पोरं खूश. रुक्मिणी नाही.

"आमच्या बारक्याला घेतो, कारण तो रडतो. भाऊ रडणारेत का?"

"रडणार आपण," मी म्हटलं. "घाल ती ओळ."

"त्यांना सांगायचं?"

"नाही."

"बघते," म्हणाली. प्रोग्रॅम तिच्याच हातचा, दुसऱ्याला धड उलगडत नाही. पोरीचं तत्त्व वगैरे ठीक आहे. पण यंत्रं राहायला हवीत. हे वाक्य लिहिलं आणि थांबले. हवीत, असं मला वाटायला लागलंय.

७ डिसेंबर, सोमवार

तास सुरू व्हायच्या आधी रुक्मिणीला विचारलं, "घातलीस?" "घातली, बाई."

भाऊ आले. धोतर नाही, सफारी. चपला मुकाट बाहेर काढल्या. सोबत कमिटीतले दोघे. खुर्ची लहान पडली. हेडसर त्यांच्या मानेवर श्वास टाकत उभे.

गल्ली दिसल्याबरोबर भाऊ पुढे वाकले. "हा काय नळ? आणि ह्यो कुत्रो!" लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस. तोंडातून मालवणी निघाली. "आमच्या वक्ताक कुत्रो नाय, म्हातारी होती. ती चावायची."

बटणं कशी दाबायची ते रुक्मिणीने दाखवलं. बादली भरली. आणि भाऊ जागचे हलेनात. हेडसर घायकुतीला आले. "भाऊ, पळवा ना! पाणी जाईल."

"थांब रे, माका आधी बघूंक दी."

मग खेळले. मी पडद्याकडे फारसं पाहिलं नाही. पडद्यावर काय होणार ते मला माहीत होतं. मी माणसं पाहत होते. लवू चंद्रप्रकाशला कोपराने ढोसत होता. कमिटीतले दोघे आधी घड्याळ पाहत होते, नंतर नव्हते. रुक्मिणी भाऊंच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी. पाणी गेलं, गेम संपला. एकही बादली सांडली नाही.

भाऊंनी कपाळ पुसलं. लहान पोरासारखे हसले. "जिंकलो ना? जिंकलो ना मी?"

"जिंकलात," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं. थोडंच. काम झालं होतं.

८ डिसेंबर, मंगळवार

रुक्मिणी मावशीच्या लग्नाला कणकवलीला गेली. दोन आठवडे नाही. जाताना काहीतरी बोलायला दारापर्यंत आली होती, तेवढ्यात घंटा झाली.

१२ डिसेंबर, शनिवार

कमिटीची बैठक झाली. यंत्रं राहणार!! हेडसरांनी पेढा दिला. भाऊ बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले म्हणे, "पोरांनी खरा खेळ केलाय. मी स्वतः खेळलो. लबाडी असती तर मला कळली असती." स्नेहसंमेलनात स्टेजवर मोठा टीव्ही लावून भाऊ पुन्हा खेळणार आहेत. पालकांसमोर.

अर्धा पेढा मी लवूला दिला.

१५ डिसेंबर, मंगळवार

भाऊ वखारीत येणाऱ्या गिऱ्हाइकांना गेमची गोष्ट सांगतात. आज वाण्याच्या दुकानात मला दोघांनी विचारलं, "भाऊ तुमच्याच शाळेत जिंकले ना?"

१६ डिसेंबर, बुधवार

मधल्या सुट्टीत भाऊ फाटकातून आत आले. व्हरांड्यातून आठवीची पोरं ओरडली, "लिंबूभाऊ! लिंबूभाऊ!" आणि पळाली. भाऊंना कळलं नाही. त्यांना वाटलं पोरं लाडाने हाक मारतायत. त्यांनी हात हलवला!

लवूचा कान धरला. "मी फक्त एकालाच सांगितलं, बाई."

स्टेजवर हे होईल. सगळा हॉल ओरडेल आणि हा माणूस हात हलवेल. मी एवढी अलिप्त आहे असं समजत होते. जेवण गेलं नाही.

१७ डिसेंबर, गुरुवार

वखारीत गेले. सांगितलं.

लाकडाच्या भुशाचा वास. भाऊंनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी सरळच बोलले. म्हटलं, भाऊ, त्या दिवशी तुम्हाला लिंबूटिंबू घेतलं होतं. बादली सांडणारच नाही असं केलं होतं. मी करायला लावलं, मुलांचा दोष नाही. स्टेजवर खेळू नका.

करवत चालू होती. भाऊ तिकडे बघून "बंद कर रे" म्हणाले.

"बाई, मी आठव्या वर्षापासून पाणी भरलं. आमच्या चाळीत बारक्यांनाही लिंबूटिंबू नव्हतं. सांडलं की आईचा मार." मग म्हणाले, "वाटलेलं, अजून जमतंय आपल्याला."

यंत्रांचं काय, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "मी कमिटीत छातीठोक बोललो, खरा खेळ आहे म्हणून. तो शब्द आता परत घ्यायला हवा. तुमच्यावर राग नाही. पण खोट्यावर मी यंत्रं ठेवून घेणार नाही."

चहा प्यायले. गोड होता फार. बरोबर केलं असं वाटतंय. रडूही येतंय.

१९ डिसेंबर, शनिवार

भाऊंनी शब्द परत घेतला. यंत्रं जाणार. हेडसर माझ्याशी बोलत नाहीत. "तुम्हाला गप्प बसवत नव्हतं?" एवढंच म्हणाले.

पोरांना सांगितलं. लवू म्हणाला, "वाट लागली." कुणी मला दोष दिला नाही, तेही बरं वाटलं नाही.

श्यामकांत म्हणाला, "खरं बोललीस ना? मग संपलं." झोप लागली.

२१ डिसेंबर, सोमवार

खंडूने आणि दोन हमालांनी यंत्रं मैदानापलीकडे नेली. खंडूने प्रत्येकावर पंचा टाकला होता, ऊन लागू नये म्हणून. खोली रिकामी झाली. चपला बाहेर काढायची गरज नाही आता. तरी काढल्या सगळ्यांनी.

२२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी रुक्मिणी घरी आली. हातावर मेंदी. लवूकडून सगळं कळलं होतं तिला. दारातच उभी राहिली, आत येईना.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. ती ओळ मी घातलीच नव्हती. भाऊ खरंच जिंकले."

हे आता मी त्यांना कितीही सांगितलं तरी त्यांनी ते खरं का मानावं?