शेवटचा अर्धा फेरा

आबा, तुमच्या मोटरसायकलच्या कॅरिअरचे आटे आज मी नीट केले. इतकी वर्षं ते डाव्या बाजूनं तारेनं बांधलेलं होतं. अख्ख्या एरंडोलच्या गाड्यांचे गेलेले आटे पुन्हा पाडून देणारा माणूस, आणि स्वतःच्या गाडीला तार! कुणी हटकलं की तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे, ती मन्ही शिक्षा शे." लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही, कारण शिक्षा तुमची नव्हतीच, माझी होती. ते सांगायला आज बसलेय, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. माझी अक्कल बघा.

त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाच्या सणाला, आत्या माहेरी येणार नव्हती, तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तुम्ही म्हणालात, बहीण येत नाही तर माहेर तिच्या दारी नेऊ. कुंभाराकडून मांडे, त्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, भाजायचं नवं मातीचं खापर आणलंत, बोटानं टिचकी मारून त्याचा आवाज ऐकलात, पेटीत कडबा भरून त्यात बसवलंत आणि संध्याकाळी कॅरिअर स्वतः आवळलंत. मी शेजारी उकिडवी बसून बघतेय. आधी बोल्ट नुसत्या बोटांनी फिरतो, मग पाना लागतो, आणि एका जागी तुमचा हात आपोआप थांबतो. "पान्याले काय समजस? हातले समजस. आन् आवळेल बोल्टले परत हात लावानं नही." किती वेळा ऐकलं होतं मी ते! तरी सकाळी तुम्ही आत चहा घेत होतात तेव्हा माझा जीव राहिना. आत्याच्या दोंडाईच्यापर्यंतचा रस्ता, ते खड्डे, आणि मागे आत्याचं खापर. पाना घेतला आणि अर्धा फेरा आणखी दिला. बोल्ट करकचून बसला, आणि मग एकदम हलका होऊन ताकातल्या रवीसारखा नुसताच फिरायला लागला. मला कळलं, आबा. सोळा वर्षांची असले तरी तुमची मुलगी होते, आटे गेलेले मला कळणार नाहीत होय? तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात, आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, तुम्ही किक मारलीत. सांगायचं ओठांवर आलं होतं, पण तुमच्या रागाच्या भीतीनं गिळून टाकलं.

धुळ्याच्या पुढे एका खड्ड्यात कॅरिअर कलंडलं आणि पेटी रस्त्यावर आली. तुम्ही खापराचे तुकडे गोळा करून तसेच आत्याकडे गेलात. ती म्हणे हसली, "भाऊ उना, मन्ही आखाजी झायी," आणि तिनं तव्यावर साध्या पुरणपोळ्या केल्या. भाऊ आला, तिच्या लेखी विषय संपला. तुमच्या लेखी नाही संपला. घरी आल्यावर तुम्ही तो बोल्ट तळहातावर घेऊन उन्हात धरलात. कॅरिअरच्या भोकातले आटे सोलून त्याच्याभोवती गुंडाळले गेले होते. "जास्त आवळाई गया," तुम्ही आईला म्हणालात, "मन्हा हातना अंदाज गया." मी दारातच उभी होते. त्या दिवसापासून तुम्ही एकाही गिऱ्हाइकाच्या गाडीचा बोल्ट शेवटपर्यंत आवळला नाहीत. सगळं काम करायचात आणि शेवटी हाक मारायचात, "पोरी, तू आवळ." मग एक दिवस तुमचा तो मूठ झिजलेला पाना माझ्याच हातात ठेवलात. "तुना हात मन्हापेक्षा बरा शे." देवा रे! पन्नाशीही गाठली नव्हतीत तुम्ही. आणि मी तो पाना घेतला.

त्याच पान्याच्या जोरावर आयटीआयला गेले आणि आज धुळ्यात पोरापोरींना फिटरचं काम शिकवते. खापराची गोष्ट दर वर्षी वर्गात सांगते. त्या गोष्टीत बोल्ट आवळणारी "एक शिकाऊ मुलगी" असते. कोण, ते कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. आज सुट्टी होती. जुनं भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, त्यात बोल्ट पकडून ठेवणारी स्प्रिंगसारखी बारीक गुंडाळी बसवली आणि बोल्ट बोटांनी फिरवत नेला. मग पाना लावला आणि शेवटाशी हात थांबला. बरोबर जागी थांबला की नाही हे विचारायला मागे वळून बघितलं, तर अंगणात कुणीच नाही. तुमची आठवण येते एवढं म्हणून भागत नाही हो. मला तुम्हीच हवे आहात, चष्मा कपाळावर चढवलेले, माझ्यावर खेकसणारे.

हे पत्र त्या काढलेल्या तारेबरोबर हत्यारांच्या पेटीत ठेवेन, दुसरीकडे कुठे पाठवू? जळगावच्या दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी तुम्ही माझा हात धरला होतात. बोटांत जोर उरला नव्हता. मी रडत होते, आणि तुम्ही चटकन पकड सैल करून विचारलंत, "जास्त दाबी दिधं का?" तेव्हा सगळं सांगता आलं असतं. मी फक्त "नाही आबा" म्हणाले. त्या आखाजीपासून तुमच्या हाताबद्दल तेवढंच एक खरं बोलले.