शुक्रवारच्या आत नेट यायलाच हवं

शनिवार, २७ जुलै. दुपार.

तुंपेक लांदेप, आमचा हत्यारं-यंत्रं पूजायचा सण, छान पार पडला. सकाळपासून घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा. स्कूटर, कोयते, सुऱ्या, पाण्याचा पंप, माझ्या नवऱ्याच्या, नार्ताच्या, कोरीवकामाच्या पटाश्या. हे सगळं सासूबाईंनी केलं, प्रत्येकाला तीन थेंब तीर्थ, चार अक्षता, की पुढची वस्तू. कॉम्प्युटरची पूजा मात्र मी स्वतः केली. परडीत चाफा जास्त ठेवला. तीर्थही सढळ हाताने शिंपडलं, पुढून, मागून, बाजूने. सासूबाई म्हणाल्या, पुरे. देवाच्या बाबतीत मला हात आखडता घेता येत नाही.

कारणही तसंच आहे. शुक्रवारी सकाळी दहाला आमच्या लेकीची, अर्तिनीची मुलाखत, थेट जपानहून. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायचं शिक्षण, तीन वर्षं, क्यूशू नावाच्या बेटावर. पत्रात लिहिलंय, उमेदवाराने कॉम्प्युटरसमोर बसावं. घरात कॉम्प्युटर एक आणि त्यातलं कळणारी व्यक्ती एक. शाळेत कॉम्प्युटरचा तास मीच घेते.

संकल्प: मुलीसाठी या आठवड्यात सगळं करायचं. आनंदाने. तोंड न पाडता.

रविवार, २८ जुलै. सकाळी साडेसात.

नेट नाही. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा गोल आणि त्यावर फुली.

घाबरले नाही. बंद करून चालू केला.

आठ वाजता: पाच वेळा बंद करून चालू केला. फुली आहेच, पण मला ती मघापेक्षा फिकट वाटते.

अर्तिनीने फोन दाखवला. फोनवर वायफाय व्यवस्थित चालतंय. मी तिला समजावून सांगितलं की फोनचं नेट वेगळं असतं. ती काही बोलली नाही. सतराव्या वर्षीच तिला गप्प राहणं फार चांगलं जमतं. बापावर गेलीय.

(नंतर चौकशी केली. फोनचं नेट वेगळं नसतं. तिला सांगायची गरज वाटली नाही.)

भिंतीवरचं सर्टिफिकेट पुन्हा वाचून काढलं. 'तीन दिवसांचे संगणक प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण.' तिसऱ्या दिवशी गावच्या देवळाचा उत्सव होता म्हणून मी गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी नेटवर्कचा धडा होता. पण सोबत शिकणाऱ्या सुकेर्तीच्या वहीवरून सगळं उतरवून घेतलं होतं. वही कुठे आहे ते आठवत नाही.

सोमवार, २९ जुलै.

कारण सापडलं. पतंग.

सकाळी अंगणात उभी होते, तेव्हा वर पाहिलं. आमच्या वाडीचा पतंग, एखाद्या होडीएवढा, दोर मनगटाएवढा जाड. तो दोर आमच्या नेटच्या तारेच्या अगदी जवळून जातो. वारा असला की घासतच असणार. मी वाडीच्या ग्रुपवर सभ्य शब्दांत लिहिलं की काहींच्या हौसेमुळे मुलांच्या भवितव्याची तार तुटते.

तासाभरात वाडीचे प्रमुख पाक मुदिता (मोठ्या माणसाला आम्ही पाक म्हणतो) दोघांना घेऊन दारात. शिडी आणली होती. तार पाहिली. तारेला ओरखडासुद्धा नव्हता. मी सर्वांना कॉफी आणि उकडलेली केळी दिली. कॉफी पिऊन झाल्यावर पाक मुदितांनी विचारलं, पतंग कोण उडवतंय हे ठाऊक आहे ना? ठाऊक होतं. दोराचं टोक नार्ताच्या हातात असतं. वाडीच्या पतंगाचा मुख्य तोच.

नार्ता संध्याकाळी घरी आला. जेवताना एवढंच म्हणाला की ग्रुपवर माझ्या मेसेजला सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे दाखवले, त्यात त्याने स्वतःही दाखवला, कारण न दाखवणं बरं दिसलं नसतं.

आता पतंगावर संशय नाही. पूर्णपणे नाही असं नाही.

मंगळवार, ३० जुलै.

नेटच्या कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीने डबीवरचे दिवे कसले आहेत ते विचारलं. सगळे हिरवे. मग तिने विचारलं की कॉम्प्युटरच्या मागे केबल लावलेली आहे का. मी तिला शांतपणे सांगितलं की मी कॉम्प्युटरची शिक्षिका आहे. ती म्हणाली, हो ताई, पण लावलेली आहे का.

मी फोन ठेवला. केबल बघितली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

दुपारी चार: घरात कोणी नव्हतं तेव्हा बघितली. लावलेली होती. काढून आत डोकावले. आत तांबूस, हिरवट काहीतरी आणि एक पांढरा ठिपका, टपोरा, तांदळाच्या दाण्यासारखा. कंपनीचं सील असावं. सीलला हात लावला की वॉरंटी जाते, हे प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मी हजर होते. केबल काळजीपूर्वक परत लावली.

सासूबाईंचं मत: कॉम्प्युटर रुसलाय. शनिवारी स्कूटरला फुलांची माळ घातली, त्याला नुसती परडी. मी म्हटलं, परडी तर त्याचीच सगळ्यात मोठी होती. त्या म्हणाल्या, मग अजीर्ण झालं असेल.

अर्तिनी ओसरीवर बसून फोनवर जपानी वाक्यं म्हणत होती. तीच तीच. मला त्यातलं एक पाठ झालंय, अर्थ मात्र माहीत नाही. ऐकत ऐकत भाजी चिरली. मीठ दोनदा पडलं.

बुधवार, ३१ जुलै.

धाडसी निर्णय. अर्धवट उपायांनी काही होत नाही. सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाकायची.

सकाळी नऊला सुरुवात. पडदा विचारत होता, खात्री आहे का? दुसऱ्यांदा विचारलं, खरंच खात्री आहे का? मला यंत्रांचा हा स्वभाव आवडत नाही. हो म्हटलं.

साडेबारा: झालं. कॉम्प्युटर कोरा, स्वच्छ, नव्यासारखा. नेट नाही.

अर्तिनीची सरावाची रेकॉर्डिंग्ज, अर्जाच्या प्रती आणि शाळेच्या सहलीचे फोटोही नाहीत. माझा चेहरा पडलेला बघून ती म्हणाली की सगळं फोनवर आहे, काळजी करू नको. मी म्हटलं की हे तंत्रज्ञानात होतंच, मोठ्या दुरुस्तीत थोडं नुकसान धरूनच चालायचं. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ केबलशी चाळा करत राहिली. मग म्हणाली,

"आई, मी जावं असं तुला वाटतं ना?"

मी म्हटलं, जरा टॉर्च दे, मागे अंधार आहे.

तिने टॉर्च दिला. मागे अंधार नव्हता. दुपारचा एक वाजला होता.

गुरुवार, १ ऑगस्ट.

कतुत आला. नार्ताचा धाकटा भाऊ, बाजारात त्याचं फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्याला बोलावलं नव्हतं. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाले होते की दुकानदार लोक बिघाड नसताना बिघाड काढतात, त्यामुळे बोलावणं अवघड होतं. नार्ताने परस्पर बोलावलं.

त्याने कॉम्प्युटर उजेडात ओढला, केबल काढली, आत पाहिलं. खिशातून चिमटा काढला आणि सासूबाईंकडे बशी मागितली. बशीत एकेक ठेवत गेला. अक्षतांचे तीन दाणे, फुगलेले. चाफ्याच्या पाकळीचा तुकडा, काळा पडलेला. आणि एक दाणा कोंब फुटू पाहणारा. हे मी वाढवून लिहीत नाही. बशी अजून ओट्यावर आहे.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्या दुकानात चाळीस यंत्रं आहेत. चाळिसांना मिळून मी एवढं तीर्थ शिंपडत नाही."

मी म्हटलं, भक्ती मोजून करायची नसते. सासूबाई आतून म्हणाल्या, मी पुरे म्हटलं होतं.

केबलची जागा गंजून गेली आहे. नवा भाग देनपासार शहरातून शनिवारी येईल. कतुतकडे बाजूला खोचायचं एक छोटं वायफाय यंत्र होतं, ते खोचलं की पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मी काल सगळं पुसल्यामुळे कॉम्प्युटर त्या यंत्राला ओळखेना. ओळख करून घ्यायला काय लागतं ते कतुतने फार हळू आवाजात सांगितलं. नेट लागतं.

मी तिथेच बसले. म्हटलं, उद्या दहाला मुलाखत. माझ्यामुळे गेली.

अर्तिनी दारात उभी होती. म्हणाली की तिने सोमवारीच त्यांना विचारून घेतलं होतं. फोनवरून दिली तरी चालते. पत्रातला नियम जुना आहे.

सोमवारीच. म्हणजे पतंगाच्या दिवशी. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तू इतकी मन लावून करत होतीस. म्हटलं, करू दे."

कतुत बशीकडे बघत राहिला. मग चहा न घेताच गेला, हे त्याचं चांगलं.

दुपार.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवते. शनिवारी तीर्थ शिंपडताना मी काय मागितलं ते वर लिहिलेलं नाही. शब्द असे होते: या घरात जे आहे ते इथेच राहू दे. प्रत्येक वेळी हात बुडवून हेच म्हटलं. किती वेळा बुडवला ते मोजलं नाही. मी कॉम्प्युटरच्या मागे उभी होते आणि समोरच्या खुर्चीत ती जपानी अक्षरं गिरवत बसली होती.

यात तांत्रिक चूक माझी नाही. तीर्थ कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं.

शुक्रवार, २ ऑगस्ट.

मुलाखत झाली.

ओसरीवर, मिरची वाटायच्या पाट्याला फोन टेकवून. अर्तिनीने पांढरा ब्लाऊज घातला होता. माझ्याकडे महत्त्वाची जबाबदारी होती, कोंबडे. नार्ताचे चार कोंबडे टोपल्यांखाली असतात आणि दहा वाजता त्यांना हमखास कंठ फुटतो. पावणेदहाला एकेक टोपली उचलून शेजारच्या मेन रुस्मिनींच्या, म्हणजे रुस्मिनीकाकूंच्या, अंगणात नेली. चौथा हातातून निसटला. मुलाखतीचा पहिला भाग मी त्याच्यामागे पळण्यात घालवला. मेन रुस्मिनी म्हणाल्या, तुमचं नेट आलं वाटतं.

उरलेला वेळ खांबाआड उभी होते. पलीकडे दोन बायका आणि एक वयस्कर गृहस्थ. प्रश्न काय, उत्तरं काय, एक अक्षर कळलं नाही. मध्ये एकदा ते तिघेही हसले. अर्तिनीही हसली, आणि मग नाक पुसलं.

नंतर विचारलं, हसण्यासारखं काय होतं. ती सांगेना. भात वाढल्यावर सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, तू गेल्यावर घरी सगळ्यात जड कोणाला जाईल. ती म्हणाली होती, "आईला. पण ती तसं म्हणणार नाही. ती काहीतरी दुरुस्त करायला घेईल."

मी म्हटलं, जपानी लोकांना घरातल्या गोष्टी सांगायच्या नसतात. आणि उठून पाणी आणायला गेले. माठ भरलेलाच होता.

तीन वाजता निरोप आला. निवड झाली. ऑक्टोबरात जायचं. नार्ताने पतंगाचा दोर पाक मुदितांच्या हातात सोपवला आणि घरी पळत आला, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. सासूबाईंनी लगेच देवापुढे परडी ठेवली. मला तीर्थाला हात लावू दिला नाही.

काल तिने जे विचारलं होतं, खरं म्हणजे परवा, त्याचं उत्तर मी आज दिलं. केस विंचरताना, तिच्या पाठीमागून. म्हटलं, जा. ती म्हणाली, बरं. फणी पुढे जाईना इतका गुंता झाला होता, त्यामुळे जास्त बोलता आलं नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट. संध्याकाळ.

कतुतने भाग बसवला. नेट आलं. कोपऱ्यातली फुली गेली. त्याने निघताना कॉम्प्युटरच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवला.

संकल्प: ऑक्टोबरपर्यंत व्हिडिओ कॉल पक्का करायचा. शिक्षिकेला सराव लागत नाही, तरी एक चाचणी घेतली. अर्तिनी पलीकडच्या खोलीत फोन घेऊन बसली, मी इकडे कॉम्प्युटरसमोर. घंटी वाजली. मी उचलला. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा केवढा तरी मोठा. भुवईजवळची ती बारीक खूण दिसली, लहानपणी पायरीवरून पडली होती तेव्हाची. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, आई, आपण आत्ताच एकत्र जेवलो. मी विचारलं, तिकडे थंडी आहे का. ती म्हणाली, पंखा चालू आहे. मी म्हटलं, मग अंगावर काही घे.

मग ती म्हणाली, चाचणी झाली, ठेव आता.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी तीच उठून या खोलीत आली आणि फोन हातात घेऊन माझ्या पाठीमागे उभी राहिली. फोन तिने माझ्याकडे वळवला होता, त्यामुळे पडद्यावर मीच मला दिसत होते, पाठमोरी. मी सांगितलं, बंद करायचं बटण सापडत नाही.

ती म्हणाली, लाल आहे, खाली, मधोमध.

मला दिसत होतं.