पप्पांच्या खोलीतला हिरवा ठिपका

६ एप्रिल, रविवार. दौंड.
पप्पांच्या खोलीत रडार सेन्सर बसवला. कॅमेरा नाही. साबणाच्या वडीएवढी डबी. खोलीत माणूस आहे का, हलतोय का, पडला का, एवढंच मोबाइलवर कळवते. माणूस असला की हिरवा ठिपका. शिरूरला घरी बसून दिसतो. आई गेल्यापासून पप्पा एकटेच. मध्यंतरी चक्कर आली, तेव्हापासून बहीण लिडिया त्यांना केडगावला स्वतःकडे न्यायला टपलीय. तिला सांगितलं, आता गरज नाही. मी कंपनीत मेंटेनन्स बघतो, हे विषय मला कळतात.
पप्पा म्हणाले, "म्हंजी आता तू येनार न्हाईस व्हय?"
गैरसमज. संकल्प: दर रविवारी यायचंच.

८ एप्रिल
चहाच्या सुट्टीत ठिपका गायब. 'खोलीत कोणी नाही.' फोन केला. पप्पा म्हणाले, हितंच हाय की, बायबल वाचतोय. दोष त्यांचा. माणूस इतका गप्प बसला तर रडारनं काय करायचं? अधूनमधून हात हलवत जा म्हणून सांगितलं.

९ एप्रिल
हात हलवत नाहीत. शेवटी मीच 'स्थिर व्यक्ती'ची सेन्सिटिव्हिटी फुल केली. रेंजही फुल. आता नुसता श्वास घेतला तरी पकडेल.

११ एप्रिल
मीटिंगमध्ये अलार्म: 'व्यक्ती पडली.' साहेबांसकट सगळे बघायला लागले. बाहेर येऊन फोन केला. पप्पा म्हणाले, चप्पल शोधायला वाकलो होतो. बोलताना धाप लागत होती. उकाडाच तसा आहे. संध्याकाळी परत अलार्म. परत चप्पल. एवढी कसली चप्पल हरवते यांची? पडल्याचा अलार्म बंद केला. सेन्सर चांगला आहे, पण जरा घाबरट.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
दौंडला जायचं होतं. जस्मिनच्या मावसबहिणीचा साखरपुडा निघाला. बायकोच्या माहेरचं काम, नाही कसं म्हणणार. पप्पांना फोन केला. आवाज बारीक होता. ईस्टरला नक्की येतो म्हटलं. ते म्हणाले, बरं.

१५ एप्रिल
ठिपका सकाळपासून हिरवा. एकदाही गेला नाही. सेटिंग जमलं. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना दाखवलं.
पप्पांचा फोन बंद. चार्जिंगला लावायला विसरले असणार.

१६ एप्रिल
लिडियाचे दोन फोन. उचलले नाहीत. साखरपुड्यावरून टोमणे असणार. मेसेज नाही, म्हणजे अर्जंट नाही.
पप्पांचा फोन अजून बंद. ठिपका हिरवा. जेवायच्या वेळीही तिथंच. हालचाल: 'मंद, नियमित.' रुसून पडले असतील.

१७ एप्रिल
जस्मिन म्हणाली, एकदा दौंडला जाऊन या. कंपनीत ऑडिट आहे. तिची काळजी मिटावी म्हणून मोबाइल तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, माणूस एवढा वेळ एकाच जागी कसा असेल? म्हटलं, वय झालंय. ती मोबाइल परत देऊन आत गेली.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. घरी येऊन वाटलं, सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करून बघावी. बोट नेलं. कमी केली आणि ठिपकाच गेला तर?
चांगलं चाललेलं सेटिंग उगाच बदलू नये. मोबाइल उलटा ठेवला.

२० एप्रिल, ईस्टर
दौंड. दाराला कुलूप. माझ्याजवळच्या किल्लीनं उघडायला वेळ लागला.
खोलीत कोणी नाही. चादर पलंगावरून खाली लोंबलेली. वर पंखा फिरत होता. मोबाइल बघितला. 'व्यक्ती उपस्थित. हालचाल मंद, नियमित.' पंखा बंद केला. पाती थांबली आणि थोड्या वेळानं ठिपका गेला.
आवाज ऐकून शेजारच्या सिंधूबाई आल्या. म्हणाल्या, "सोमवारी मोरीत पडले की. मला कन्हन्याचा आवाज आला म्हून कळलं. फोनबी बादलीत पडला. लिडियाताईंनी गाडी आनली, दवाखान्यात नेलं, तितनं केडगावला. घाईत पंखा तसाच राहिला वाटतं."
मोरीत सेन्सर नव्हताच.
तसाच केडगावला गेलो. पप्पा ओट्यावर बसले होते, डावा हात प्लास्टरमध्ये. लिडियाला विचारलं, मला कळवलं का नाही? ती म्हणाली, दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा पप्पांनीच करू दिला नाही.
पप्पा म्हणाले, "तुला दिसलं आसंल म्हनलं. सवड झाली की येशील."
दिसलं नव्हतं म्हणावं, तर सेन्सर कशाला बसवला? दिसलं होतं म्हणावं, तर आलो का नाही?
लिडियानं ताटं आणली. पप्पांना एका हातानं भाकरी मोडता येत नव्हती. मी कुस्करून दिली.